नानांच्या मापाची शाल

पनवेलला थंडी पडते असं बाहेरच्या माणसाला सांगितलं, तर तो आपल्याकडे जरा दयेनेच बघतो. खाडीकाठचं गाव, भर दुपारी अंगाला घाम, इथे कसली थंडी? पण पडते. पौषातल्या काही पहाटे डोंगराकडून खाडीकडे वारा सुटतो. आम्ही जुनी माणसं त्याला मतलई म्हणतो. तो सुटला की बादलीतलं पाणी हाताला चावतं, खोबरेल बाटलीत गोठतं आणि एस.टी. स्टँडवरचे रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून हात चोळत उभे राहतात. काल पहाटे तो वारा आला. मी उठून खिडकी लावली आणि कडी दोनदा सरकवून बघितली. माझ्या वयाच्या बायकांचे थंडीत सांधे दुखतात. माझे दुखत नाहीत असं नाही, पण मला आधी भीती वाटते आणि सांधे मग दुखतात.

त्यात यंदा घरातल्या एका सुनेला सातवा महिना लागलाय. हे तिचं दुसरं. पहिलं राहिलं नाही. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी लोकर आणायला गेले. दुकानदाराने आधी गुलाबी काढली, मग पिवळी, मग आकाशी, आणि लाडाने म्हणाला, बाळासाठी ना आजी, मग हीच घ्या, मऊ आहे. मी त्याच्यावर अशी डाफरले की बिचारा गप्प झाला. बाळबीळ काही नाही, म्हटलं, एका म्हाताऱ्या माणसासाठी हवी आहे, राखाडी दाखवा. आजकाल लोकर म्हणून जे विकतात त्याचा मेंढीशी काडीचा संबंध नसतो, एरवी मी त्यावरूनही दोन शब्द ऐकवले असते. पण त्या दिवशी काही बोलले नाही. पिशवी छातीशी धरून रिक्षात बसले तेव्हा लक्षात आलं की कपाळाला दरदरून घाम फुटलाय. एका हिवाळ्याची धास्ती माझ्या अंगात अजून तशीच आहे.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. गावात रेल्वे यायची होती. कळंबोली म्हणजे नुसती भाताची शेतं आणि त्यांच्यापलीकडे पांढरी मिठागरं. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते भाताच्या गिरणीत कारकून होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या टोपीवर आणि खांद्यांवर कोंड्याची बारीक पूड बसलेली असायची, आणि दम्याचा खोकला गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. माणूस अबोल. आई त्यांच्या वाटचंही बोलायची. दादा मुंबईला नोकरीला होता, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. दिवसभर घरात असायचो आम्ही तिघी, आई, मी आणि दादाची बायको, आमची वहिनी.

वहिनी देवळालीची. तिकडे लष्कराची छावणी, खरी हाडात शिरणारी थंडी, आणि शेजारी एक नर्सबाई, जिच्याकडून ती लहानपणीच विणकाम शिकली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत पातळांच्या खाली दोन लांब पोलादी सुया, क्रोशाची एक आकडी आणि लोकर निघाली. गल्लीतल्या बायका ती बघायला आल्या. पनवेलात लोकर हा त्यांच्या मते चेष्टेचाच विषय होता. एकीने विचारलं, सासरी बर्फ पडतो असं सांगून फसवलं का ग तुला? वहिनी हसली आणि तिने त्यांच्यासमोरच पहिले टाके घातले. चेष्टा करणाऱ्या बायका तासभर हलल्या नाहीत.

ती विणायला बसली की घराचा आवाजच बदलायचा. सुईवर सुई घासल्याचा बारीक टिकटिक आवाज, मध्येच तिने मनातल्या मनात मोजलेले टाके. लोकरीचा गुंडा ती पितळी तांब्यात ठेवायची, म्हणजे तो घरभर पळत नसे, आतल्या आत उड्या मारत फिरायचा. नवी लडी आली की मी दोन्ही हात पुढे करून बसायचे. माझ्या मनगटांवर लडी अडकवून ती गुंडा करायची आणि मी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलत राहायचे. पुढे तिने मलाही शिकवलं. एक सुलट, एक उलट. लोकर बोटांतून जाताना थोडी खरखरते, थोड्या गुदगुल्या करते. माझी पहिली ओळ सरळ आली त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते. ओळ संपली की सुया हात बदलतात आणि आपण आल्या वाटेने परत फिरतो. चुकलं तर उसवायचं आणि तीच लोकर पुन्हा वापरायची. भाकरी करपली तर असं करता येत नाही. स्वयंपाकघरात दिवसभर केलेलं संध्याकाळी कुणाच्या तरी पोटात गेलेलं असतं, पण विणलेलं मात्र समोर राहतं, बोटाबोटाने वाढतं, आणि हे आपण केलं असं सारखं हात लावून बघावंसं वाटतं.

इतकं सुख ज्या गोष्टीत, तिचीच आमच्या घराला भीती बसली.

आमच्याकडे मूल व्हायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करत नाहीत. बाळंतविडा करायचा तो मूल हाती आल्यावर. आलेल्या जिवालाही आधी घरातलं जुनं धोतर, जुनं पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेलं असं काहीतरी गुंडाळायचं. आधीच तयारी केली तर ती कुणाच्या तरी डोळ्यांवर येते, असं आईचं म्हणणं. कुणाच्या, ते ती कधी सांगायची नाही, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटायची. वहिनीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तिथे तिने आणि नर्सबाईंनी मिळून पांढऱ्या लोकरीचं झबलं, टोपडं, मोजे, सगळं हौसेने आधीच विणून ठेवलं. मूल आठव्या महिन्यात झालं, ते रडलंच नाही. वहिनी परत आली तेव्हा ते गाठोडं तिच्या ट्रंकेत होतं. आईने एका शब्दाने तिला बोल लावला नाही. गाठोडं पदराखाली घेतलं, बंदरावर गेली आणि ओहोटीच्या पाण्यात सोडून आली.

दुसऱ्या खेपेला वहिनीने सुईला हात लावला नाही, तरी तिसऱ्या महिन्यात गेलंच. मला वाटलं, आता तरी आई म्हणेल की दोष लोकरीचा नव्हता. पण भीतीची अशी समजूत घालता येत नाही. समोरच्या काकूंनी सांगून टाकलं की हातांनी नसेल विणलं, मनात विणलं असेल. आईला ते पटलं. मला आधी हसू आलं, आणि मग अंथरुणावर पडल्यावर मी माझ्याच मनात काही विणलं जातंय का, ते चाचपत राहिले. मला बघायला पाहुणे येऊ लागले होते. वर्षा-दोन वर्षांत मीही कुणाची तरी वहिनी होणार होते. वहिनीच्या पोटाकडे बघताना मला नेहमी माझंच पोट दिसायचं.

तिसऱ्यांदा दिवस राहिल्याचं पावसाळ्यात कळलं. या वेळी तिला माहेरी पाठवायचं नाही असं आईने ठरवलं. सुया, आकडी, लोकर, सगळं फडक्यात बांधून माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांमागे गेलं. वहिनीनेच खालून शिडी धरली. पण तिच्या हातांना ते कळलं नव्हतं. वालाच्या शेंगा सोलता सोलता मध्येच तिची बोटं पदराच्या टोकाशी खेळायला लागायची, एक सुलट, एक उलट, हवेतच. आई ते बघायची आणि दचकायची. मग वहिनी हात मांडीखाली दाबून बसायची. ती खायची कमी, बोलायची कमी. दिवाळी झाली, थंडीचे दिवस आले. आम्ही तिघी एका घरात तीन भित्र्या मांजरींसारख्या वावरत होतो.

मग एके दिवशी नाना जेवताना म्हणाले, "सूनबाई, मला यंदा थंडी फार वाजते. एक शाल विणून द्या."

आईने वाढता वाढता हात थांबवला. नानांनी जन्मात कधी मफलरही घातला नव्हता. गिरणीत ते सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी टाकून बसायचे. पण घरच्या कर्त्या माणसाने, तेही दम्याच्या, थंडी वाजते म्हटल्यावर त्याला नाही कसं म्हणणार? नानांनी ताकाचा भुरका मारला. दुसऱ्या दिवशी आईने स्वतः शिडी लावली आणि बरण्यांमागचं गाठोडं खाली काढलं. नाना बोहरी आळीतल्या दुकानातून राखाडी लोकर घेऊन आले. याहून म्हातारा रंग त्या दुकानात नसावा.

आईने अटी घातल्या. शाल पुऱ्या मोठ्या माणसाची झाली पाहिजे. उजेडात, अंगणात बसून विणायची, लपवाछपवी नाही. आणि रोज विणायला बसण्याआधी कुणासाठी, ते तोंडाने म्हणायचं. वहिनी सुया हातात घ्यायची, आई विचारायची, कुणासाठी ग? वहिनी म्हणायची, मामंजींसाठी. मगच पहिला टाका. अधूनमधून माप व्हायचं. नाना गिरणीत जायच्या आधी अंगणात रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे, वहिनी सुयांसकट ती पट्टी त्यांच्या खांद्यांवर धरायची आणि आई गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची की अजून लांब लागेल, यांना थंडी फार. नाना चेहरा गंभीर ठेवून उभे असायचे. जाणारे-येणारे बघायचे. बघावं म्हणूनच तर सगळं चाललं होतं. आम्ही चौघं मिळून कुणाला फसवत होतो ते माहीत नव्हतं, पण त्या फसवणुकीत वहिनी जेवू लागली, तिच्या गालांवर तुकतुकी आली आणि तांब्यात गुंडा पुन्हा उड्या मारायला लागला.

तरीही मला भीती वाटायचीच. शाल वाढत होती आणि पोटही वाढत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी बघवायचं नाही. वहिनीच्या मांडीवर ती राखाडी शाल पोटावरून खाली ओघळलेली असायची. खाली काय हललं आणि लोकर कशाने हलली, हे कळायचं नाही.

पौषातली ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. शाल होत आली होती. मी अंगणात पुस्तक घेऊन बसले होते, आई आत तांदूळ पाखडत होती. वहिनी काहीतरी गुणगुणत होती, फार दिवसांनी. मी सहज वर बघितलं. सुया बाजूला होत्या, तिच्या हातात आकडी होती, आणि शालीच्या एका कोपऱ्याला ती पांढरी झालर विणत होती. छोटे छोटे शिंपले एकापुढे एक. ट्रंकेच्या तळाशी पहिल्या वेळच्या पांढऱ्या लोकरीचा उरलेला तुकडा तिला सापडला होता. म्हाताऱ्या माणसाच्या शालीला कुणी असे शिंपले लावत नाही. तिला ते कळलंच नव्हतं. हाताला सुख झालं आणि हात आपल्या मनाने चालत गेला. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं, तोवर आई सूप घेऊन दारात आली होती.

सूप खाली ठेवून ती वहिनीच्या पुढ्यात बसली, कोपरा हातात घेतला आणि लोकरीचं टोक ओढलं. शिंपले एकेक करत सुटले. लोकर मध्येच अडकली, तेव्हा वहिनीनेच ती सोडवून दिली. तो पांढरा तुकडा आईने न्हाणीघराच्या चुलीत टाकला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो. तो वास संध्याकाळपर्यंत घरात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते, आणि दादा मुंबईला होता.

त्या दिवशी कोण काय मनात धरून बसलं होतं, ते मला पुढे अनेक वर्षांत तुकड्यातुकड्याने कळलं. वहिनीला वाटत होतं, आपण ती पांढरी लोकर घेतली म्हणून. आईला वाटत होतं, आपण विणलेलं उसवलं म्हणून. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी माझे केस विंचरता विंचरता तिने ते मला सांगितलं. नानांनी कधीच काही सांगितलं नाही, पण ते त्या दिवशी गिरणीत गेले नाहीत. शालीचा विषय काढणारा माणूस मीच, असा चेहरा करून ओसरीवर बसले होते. मला मात्र काहीच वाटत नव्हतं, नुसते दात वाजत होते. बाहेर मतलई वारा सुटला होता आणि तो दुपार झाली तरी थांबला नाही.

सुईण हौसाबाई तळोज्याकडून आली. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातांनी जगात आली होती. दुपारी मूल झालं. मुलगी. इतकी लहान की हौसाबाईच्या एका तळहातावर मावली, आणि रडली ती मांजराचं पिल्लू रडतं त्याहून हळू. नानांच्या जुन्या धोतराचं फडकं तयार होतं, त्यात तिला गुंडाळली. डॉक्टर येऊन बघून गेले. अशा वाऱ्यात मुंबईपर्यंत न्यायचं म्हणजे वाटेतच घालवायची, ऊब द्या, असं म्हणाले आणि निघताना त्यांनी आमच्या कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. मुलीचे ओठ निळसर दिसत होते.

हौसाबाई दाराशी आली आणि आईला हळू आवाजात म्हणाली, "पोरीला ऊब पायजे, बाय. या फडक्यानी भागाचा नाय."

आईने विचारलं, जगेल ना?

"ते मना नको इचारू. मना ठाव नाय."

सगळ्यांना जगात आणणाऱ्या बाईलाच ते ठाऊक नव्हतं. आईने कोनाड्यातून शाल उचलली. तिची एक सुई अजून टाक्यांत होती, शेवटची ओळ बंद व्हायची होती. आई बाळंतिणीच्या खोलीपर्यंत गेली आणि उंबऱ्यात थांबली. शाल नवी होती. कोरी. अजून कुणाच्या अंगाला लागलेली नव्हती. पोरीला ऊब हवी होती आणि नवं घालायचं नव्हतं, आणि ही दोन भयं आईच्या दोन पायांत अडकली होती. तिला पुढे जाता येईना आणि मागे येता येईना. तिने वळून नानांकडे बघितलं.

नाना उठले. त्यांनी तिच्या हातातून शाल घेतली, खांद्यावरून पाठीवर टाकली, छातीशी घट्ट आवळून घेतली आणि अंगणाबाहेर पडले. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलं. आत ती गार पडत चालली होती आणि हे शाल पांघरून चालले होते. ते गल्लीतल्या विहिरीपर्यंत गेले, खोकत, धापा टाकत, पाठीवर ती पोलादी सुई लोंबकळत. समोरच्या काकू ओट्यावर होत्या. त्यांनी विचारलं, "काय नाना, नवी शाल?"

"नवी कसली," नाना म्हणाले, "जुनीच आहे."

विहिरीला वळसा घालून ते परत आले. येताना मात्र भरभर आले. दम्याच्या माणसाला इतक्या भरभर चालताना मी तेव्हाच पाहिलं. उंबऱ्याशी त्यांनी शाल काढून आईच्या हातात दिली. ती त्यांच्या अंगाने गरम झाली होती. त्यांना बोलवत नव्हतं, तरी ते म्हणाले, "माझी वापरलेली आहे. घ्या."

सुई काढायची होती, पण ती नुसती ओढली तर टाके सुटणार. वहिनी डोळे मिटून पडली होती. टाके बंद करायला वेळही नव्हता आणि माझ्या बोटांत जीवही नव्हता. आईला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने गोधडीची सुई घेतली, पांढरा जाड दोरा ओवला आणि सुईवरच्या एकेका फासातून मणी ओवावेत तसा तो ओवत गेली. मग पोलादी सुई ओढून काढली. एकही टाका सुटला नाही. मुलीला वहिनीच्या छातीवर उघड्या अंगाशी ठेवली आणि दोघींवरून ती म्हाताऱ्या रंगाची शाल घेतली.

मग ते दिवस आले, ज्यांच्याविषयी लिहिताना अजून हात अडखळतो. कापसाच्या बोळ्याने दुधाचे थेंब. शेगडीत निखारे. आळीपाळीने बसायचं आणि बघायचं, श्वास चालतोय ना. पण शाल जाड होती, तिच्याखाली एवढ्याशा छातीचं वरखाली होणं दिसायचंच नाही. मग मी शालीचाच एक बारीक तंतू उपटून तिच्या नाकापुढे धरायचे. तंतू हलला की माझा श्वास सुरू व्हायचा. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी मिटायची नाही, कारण तेवढ्यात हलणं थांबलं तर? मी तेव्हा देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच माहीत. लग्न करणार नाही, असंही एकदा म्हणून झालं. आईने बारशाचं नाव काढलं नाही. नाव ठेवलं की ते हाक मारायला उरतं, आणि तेवढं धाडस आमच्यात कुणातच नव्हतं.

सोयर असल्यामुळे नाना खोलीत यायचे नाहीत. ते रोज सकाळी दाराबाहेर उभे राहायचे. मुलगी कशी आहे, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते विचारायचे, माझी शाल नीट आहे ना? आई आतून म्हणायची, आहे. मग त्यांचा खोकला ओसरीकडे जायचा. आम्ही तिघी त्या प्रश्नाची वाट बघायचो आणि त्या प्रश्नाला घाबरायचो.

एका सकाळी वारा फार होता. मी तंतू धरून बसले होते आणि तो हलत नव्हता. मी तो आणखी जवळ नेला. हलत नव्हता. वहिनीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात बाहेरून नानांचा आवाज आला, शाल नीट आहे ना? आईने वाकून गाल मुलीच्या तोंडाशी नेला. तिला काही लागेना. नानांनी पुन्हा विचारलं. कुणीच उत्तर देईना. दाराबाहेर खोकलाही थांबला, इतकी शांतता झाली. मी तंतू कुठवर नेला होता मला कळलं नाही, तो तिच्या नाकपुडीत गेला असावा. ती शिंकली.

कुणी बाहेर निघताना शिंकलं तर त्याला पाट मांडून बसवणारी माझी आई. ती शिंक ऐकून तिने तोंडात पदर कोंबला. मग पदर काढून दाराकडे तोंड करून म्हणाली, "तुमची शाल शिंकली हो."

बाहेर नाना भिंतीला टेकून खाली बसल्याचा आवाज आला.

भीती त्या दिवशी गेली असं नाही. ती उन्हाळ्यापर्यंत घरात होती, पुढे ताप आला की परत यायची, पावसाळ्यात खोकला झाला की परत यायची. माझ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी माहेरी आले. काही बोलायच्या आधीच नाना म्हणाले, यंदा मला थंडी फार वाजते. मी विणत होते आणि ते पाठ करून उभे राहत होते, तोवर पाठीला बाक आला होता. पुढे नाना गेले, आई गेली, चार वर्षांपूर्वी वहिनी गेली. शालीचं माप मात्र तेच राहिलं. आमच्या घरातल्या कुठल्याही लहान पोराला पहिली शाल मिळाली ती अशी, अंगापेक्षा कितीतरी मोठी, राखाडी, आणि कुणीतरी आधी पांघरलेली. मी शिकलेली बाई आहे, या सगळ्याला काही अर्थ नाही हे मला कळतं. सुया हातात घेतल्या की कळेनासं होतं.

काल दुपारी बेबी आली, तीच ती शालीखालची मुलगी. बारसं लांबतच गेलं म्हणून सगळे तिला बेबी म्हणत राहिले. पुढे चांगलं नाव ठेवलं, पण ते फक्त शाळेत चाललं. आता तिचे केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, आणि सातवा महिना लागलाय तो तिच्याच सुनेला, अनुजाला. दोघी माझ्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसल्या. खालून कळंबोलीकडे जाणारे ट्रक धडधडत होते. अनुजा चांगली नोकरी करते, एरवी तिच्या बोलण्याला खंड नसतो. काल गप्प होती. मध्येच ती पोटावर हात ठेवायची आणि तिथेच थांबायची, काहीतरी हलायची वाट बघत. ते थांबणं मी ओळखते. त्यावर माझ्याकडे काही औषध नाही, म्हणून मी विणत राहिले.

तिने विचारलं, "कुणासाठी विणताय, आत्याआजी?"

"नानांसाठी," मी म्हटलं.

अनुजाने नानांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. बेबी मात्र गुडघ्यांवर हात ठेवून उठली, गॅलरीच्या कठड्याशी गेली आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली, खांदे ताठ, चेहरा गंभीर. मी सुयांसकट शाल तिच्या खांद्यांवर धरली. दुसरं टोक खाली घसरलं, तर ते अनुजाने येऊन उचललं आणि नीट धरून ठेवलं.

समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी चिमटे हातात धरून सहज विचारलं, "काय आजी, नवी शाल का?"

मी सुया सावरत होते. बेबीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी अनुजा बोलली. तिला हे कुणी कधी सांगितलं होतं कोण जाणे. तिने शाल छातीशी घट्ट धरली होती.

"नवी कसली," ती म्हणाली, "जुनीच आहे."